माध्यमासाठी भांडलो, मास्तरासाठी नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला. निमित्त साधंच होतं. घरातली काही बालपुस्तकं शाळेला द्यायची होती. पुस्तकं टेबलावर ठेवून निघणार, तोच मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बसा थोडा वेळ. आज डीएलएडच्या मुलीचा पाठ आहे. तुम्हालाही बघायला मिळेल."

बसलो. मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. समोर पहिली-दुसरीची मिळून नऊ मुलं. छात्राध्यापिका वीस-एकवीस वर्षांची असेल. साडी नीटनेटकी, हातात रंगीत चित्रकार्डं, टेबलावर पाठ टाचणाची वही उघडी. विषय होता 'माझं घर'. तिने एक कार्ड वर धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

पहिल्या बाकावरचा मुलगा उडी मारून म्हणाला, "जनेल!"

छात्राध्यापिका गोंधळली. क्षणभर वहीकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही. चूक. दुसरं कोण सांगेल?"

दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. वडील बांधकामावर, मूळचे विजापूरकडचे, हे मला नंतर कळलं. ती हळूच म्हणाली, "किटकी." वर्ग खो खो हसला. ती मुलगी खाली बघायला लागली ती तास संपेपर्यंत वर बघेना. शेवटी छात्राध्यापिकेनेच सांगितलं, "ही आहे खि-ड-की. म्हणा सगळे." सगळ्यांनी म्हटलं. पाठ पुढे गेला. दार, भिंत, छप्पर, अंगण. पस्तिसाव्या मिनिटाला फळ्यावर गृहपाठ लिहून झाला. निरीक्षणाच्या वहीत 'आवाज स्पष्ट, साधनांचा वापर उत्तम, फलकलेखन सुरेख' असा शेरा पडला.

शेरा खोटा नव्हता. आवाज खरंच स्पष्ट होता, अक्षर सुरेख होतं. पण माझ्या डोक्यातून ती खिडकी जाईना.

पाठ संपल्यावर मी त्या मुलीशी बोललो. बोलणं अर्थातच कोंकणीतून. विचारलं, "तुमगेर घरांत ह्याका कितें म्हणटात गो, बाय?"

ती हसली. म्हणाली, "जनेल."

"मागीर?"

"पूण टांचणांत खिडकी बरयलां न्ही, सर."

या एका वाक्यासाठी आजचा हा लेख. त्या मुलीला दोष द्यायचा नाही. ती चांगली शिक्षिका होऊ शकेल असं मला तिच्याशी बोलताना वाटलं. पण जी गोष्ट ती जन्मापासून जाणत होती, ती वर्गात पाऊल टाकताना बाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची, असं तिला कुणीतरी शिकवलं होतं. किंवा वेगळं काही कुणी शिकवलंच नव्हतं. ती वर्गात आली ती टाचण घेऊन. समोरच्या मुलाने दिलेलं उत्तर टाचणात बसलं नाही, म्हणून ते चूक ठरलं. आणि विजापूरच्या मुलीचं 'किटकी' तर 'खिडकी'च्या किती जवळ होतं! कानडीतला तो अस्सल शब्द. त्याला टाळी मिळायला हवी होती, मिळालं हसू.

आता आपल्याकडे वळू या. आपल्याकडे म्हणजे गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्या, मराठीवर प्रेम करणाऱ्या माणसांकडे.

भाषेसाठी आपण काय काय केलं याचा हिशेब मांडला तर तो लहान नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात अर्धा गोवा एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे झाला. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेच्या प्रश्नावर रस्ते अडले, माणसं दुरावली, घराघरांत अबोला धरला गेला. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा आला. देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद झाली. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचं अनुदान भारतीय भाषांच्या माध्यमाशी जोडलं गेलं. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही द्यायचं ठरलं, तेव्हा त्याच शशिकलाताई पुन्हा रस्त्यावर उतरल्या, आणि आपल्यापैकी कितीतरी जण त्यांच्यामागून गेले. मीही गेलो होतो. पणजीच्या उन्हात उभा राहिलो होतो. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

पण या सगळ्या वर्षांत एकदाही, होय, एकदाही, "आमच्या प्राथमिक शाळेत शिकवायला येणारा मास्तर कसा घडवला जातो?" हा प्रश्न घेऊन आपण कुठे उभे राहिलो नाही. पाटीवर कोणती भाषा असावी यासाठी भांडलो. त्या पाटीच्या आत जो माणूस उभा राहणार त्याचं शिक्षण कसं होतं, कोण करतं, त्यात काय असतं, याची साधी चौकशी केली नाही. माध्यमासाठी भांडलो, मास्तरासाठी नाही.

आणि माध्यम म्हणजे तरी काय? मुलाच्या दृष्टीने माध्यम म्हणजे मास्तरच की. सहा वर्षांच्या पोराला राजभाषा कायदा ठाऊक नसतो. त्याला बाई ठाऊक असतात.

आपल्या पूर्वजांना हे बरोबर कळलं होतं. पोर्तुगीज अमदानीत गावोगावी मराठी शाळा चालल्या त्या कुणाच्या तरी ओसरीवर, देवळाच्या अग्रशाळेत. सरकारी पाठबळ नव्हतं, उलट धाकच होता. शाळा म्हणजे शणैमाम. तो गेला की शाळा गेली, दुसरा आला की शाळा आली. त्याला कसली पदविका नव्हती. छडी होती, पाढे होते, मोडी होती, हिशेब होता. आज त्याची पद्धत कुणी वापरणार नाही आणि वापरूही नये. पण एक गोष्ट त्याच्यापाशी आपसूक होती. तो मुलांशी बोलायचा कोंकणीत आणि वाचायला शिकवायचा मराठी. पोरगं 'जनेल' म्हणालं तर त्याला त्यात काही नवल वाटत नसे, कारण तोही तेच म्हणे. घरातल्या बोलीकडून पोथीतल्या भाषेकडे मुलाला हाताला धरून नेणं हे त्याचं रोजचंच काम होतं. पिढ्यान् पिढ्या गोवेकर मराठी शिकला तो असा. घरी कोंकणी, भजनात मराठी. जत्रेत दोस्तांशी कोंकणी, रात्री मांडवातल्या नाटकात मराठी. त्यात कुणाला विरोध दिसला नाही.

१९ डिसेंबर १९६१ नंतर चित्र पालटलं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा उघडल्या. एवढे शिक्षक आणायचे कुठून? कोकणातून, कोल्हापूरकडून, घाटावरून शिक्षक आले. त्यांचे आपल्यावर फार उपकार आहेत. नदीपलीकडच्या वाड्यात, वीज नसलेल्या खोलीत राहून त्यांनी आमच्या दोन पिढ्यांना लिहितं केलं. मला पहिलीत शिकवलेले गुरुजी असेच बाहेरून आलेले. सुरुवातीला आम्ही काय बोलतो ते त्यांना कळत नसे आणि ते काय बोलतात ते आम्हाला. पण ते रोज संध्याकाळी आमच्या आजोबांबरोबर सोप्यावर बसत आणि एकेक शब्द विचारून घेत. वर्षभरात ते आमच्यापेक्षा चांगली कोंकणी बोलू लागले. हे त्यांना कुठल्या कॉलेजने शिकवलं नव्हतं. गरज आणि माणुसकी या दोघींनी शिकवलं.

याच काळात शिक्षक घडवणाऱ्या संस्थाही उभ्या राहू लागल्या. १९६३ साली पणजीत निर्मला शिक्षण महाविद्यालय निघालं. १९११ पासून विद्यादानाचं काम करणाऱ्या गोवा विद्याप्रसारक मंडळाने फोंड्यात डॉ. दादा वैद्यांच्या नावाने शिक्षण महाविद्यालय काढलं. पुढे पेडण्यात हरमलला गणपत पार्सेकरांच्या नावाचं महाविद्यालय झालं. प्राथमिक शिक्षकांसाठी पर्वरीची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपलं 'डाएट'. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. तोवर आमचं बीएड मुंबई विद्यापीठाचं असे. एवढ्याशा प्रदेशाच्या मानाने ही काही वाईट मिळकत नाही. म्हणजे संस्था नाहीत अशी तक्रार करायला जागा नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या आत काय चालतं आणि आपण बाहेरचे त्यात किती लक्ष घालतो याचा.

मी स्वतः बीएड केलं ते १९८० च्या दशकात. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण जे तिथे चाललं तेच तेव्हा बहुतेक ठिकाणी चालत होतं. एका वर्षाचा अभ्यासक्रम. जूनमध्ये आत, एप्रिलमध्ये बाहेर. आधी सूक्ष्म अध्यापन. म्हणजे पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर मुलं नाहीत, आपलेच वर्गमित्र मुलं झालेले. दाढी राखलेला तीस वर्षांचा बाप्या "गुरुजी, मला येतं, मी सांगू?" म्हणत बोट वर करायचा. मग प्रश्न कौशल्य, प्रबलन कौशल्य, चेतक बदल कौशल्य असे एकेक गुण मिळवायचे. त्यानंतर सराव पाठ. शहरातल्या शाळेचा वर्ग उसना घ्यायचा, पस्तीस मिनिटं शिकवायचं आणि परत द्यायचा. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. हर्बार्टच्या पायऱ्या चढून वर गेलो की पाठ झाला.

अंतिम पाठाची गंमत सांगतो. परीक्षक बाहेरचे येणार म्हणून आम्ही तोच पाठ तोच वर्ग घेऊन आदल्या आठवड्यात दोनदा केलेला. मुलांना पढवून ठेवलं होतं की प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येतं त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. परीक्षकांना दिसला तो हातांचा बगीचा. मला अव्वल गुण पडले. घरी पेढे वाटले. पुढच्या जूनमध्ये खऱ्या शाळेत नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, डावा हात वर करणाऱ्या मुलाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलंच नाही! आणि शाळा तर त्याच्यासाठी असते. उजवा हातवाला आपल्याशिवायही शिकतो.

नियम तेव्हापासून बरेच बदलले, हे खरं. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच सांगून ठेवलं होतं की शिक्षक घडवणाऱ्या संस्था शाळांपासून, विद्यापीठापासून आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत. १९६३ साली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक महाविद्यालयं काढून चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाचा प्रयोग सुरू झाला होता. आपला गोवा त्यातल्या भोपाळच्या कक्षेत येतो. पण हा प्रयोग बरीच वर्षं त्या मोजक्या ठिकाणांपुरताच राहिला. २०१२ साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने शिक्षकप्रशिक्षणाच्या दुकानदारीवर बोट ठेवलं. २०१४ च्या नियमांनी बीएड एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं आणि २०१५ पासून ते लागू झालं. वीस आठवड्यांची शाळेतली आंतरवासिता आली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्राथमिक वर्गांना शिकवायला बीएड ही पात्रता चालणार नाही, त्यासाठी प्राथमिक शिक्षणाचीच पदविका हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांची एकत्रित पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचं म्हटलं आहे, आणि २०२३-२४ पासून देशातल्या काही निवडक संस्थांत तसे वर्गही सुरू झाले. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात, चार वर्षांची पदवी असणाऱ्यांसाठी एका वर्षाचं बीएड पुन्हा आणण्याचं होतं.

एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं, पुन्हा एक. कॅलेंडर बदलतं. यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवणं हे दहावीला विज्ञान शिकवण्यापेक्षा हलकं काम नाही, ते वेगळं काम आहे आणि त्याचं वेगळं शास्त्र आहे, ही गोष्ट त्यातून मान्य झाली. आपल्याकडे अजूनही उलटी समजूत आहे. कॉलेजात शिकवतो तो मोठा, हायस्कुलातला मधला, प्राथमिकचा सगळ्यांत खालचा. पगारात नसेल, मनात आहे.

पण निकालाने पात्रता ठरते, माणूस घडत नाही. तो घडतो कुठे? माझं म्हणणं, तो घडतो जिथे खरी मुलं असतात तिथे. आणि आमच्या खऱ्या प्राथमिक शाळा कशा आहेत ते एकदा डोळे उघडून बघा.

मी ज्या शाळेत बसलो होतो तिथे पहिली ते चौथी मिळून सतरा मुलं, दोन शिक्षिका. म्हणजे प्रत्येकीकडे दोन वर्ग एका वेळी. गोव्यात अशा शाळा वाड्यावाड्यावर आहेत. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी माध्यमाच्या, आणि पट लहान. छात्राध्यापिकेचं टाचण मात्र असं गृहीत धरून लिहिलेलं की वर्ग एक, इयत्ता एक, भाषा एक, वेळ पस्तीस मिनिटं. त्या टाचणात दुसरीची मुलं बसतच नव्हती. ती बिचारी 'माझं घर'चं चित्र काढत गप्प बसून होती. एका खोलीत दोन इयत्ता कशा सांभाळायच्या, एकीला स्वतः करायचं काम देऊन दुसरीला कसं शिकवायचं, मोठ्या मुलाला लहानाच्या शेजारी बसवून दोघांचा फायदा कसा करायचा, ही विद्या आमच्या जुन्या प्राथमिक शिक्षिकांना अनुभवाने येते. ती गोव्याच्या प्रशिक्षणाच्या मध्यभागी हवी. शेवटच्या प्रकरणात नव्हे.

तीच गोष्ट भाषेची. एक उदाहरण देतो. चौथीतल्या एका मुलाच्या वहीत वाक्य होतं, 'माझी धाकटी बहीण शाळेत गेले.' खाली लाल शाईची रेघ. बाहेरच्याला वाटेल, मुलाला व्याकरण येत नाही. पण कोंकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगी बोलतात. 'भयण शाळेंत गेलें.' मुलगा व्याकरण चुकला नाही, तो आपल्या घरच्या व्याकरणाशी प्रामाणिक राहिला. ज्या शिक्षिकेला हे माहीत आहे ती म्हणेल, "बरोबर रे, घरी आपण 'गेलें' म्हणतो, पुस्तकात 'गेली' लिहितो." मुलाला दोन्ही भाषा मिळाल्या. जिला माहीत नाही, किंवा माहीत असून टाचणाच्या धाकाने विसरते, ती लाल रेघ मारते. मुलाला एवढंच कळतं की आपल्या घरचं बोलणं चुकीचं. अशा लाल रेघा हजार झाल्या की मूल मराठीचाच कंटाळा करतं. मग आपण सभेत म्हणतो, "आजच्या पिढीला मराठीचं प्रेम नाही."

इथे काही वाचक अस्वस्थ होतील, मला ठाऊक आहे. "म्हणजे मराठी शाळेत कोंकणी शिकवायची म्हणता काय?" नाही हो. मराठीच शिकवायची आणि नीट शिकवायची. पण शिकवायची ती मुलाला जे येतं तिथून सुरू करून. आमच्या शणैमामाने तेच केलं आणि मराठीचं काही बिघडलं नाही. उलट त्यामुळेच ती इथे चारशे-साडेचारशे वर्षं परकीय सत्तेखाली टिकली. कोंकणीच्या द्वेषावर गोव्यात मराठी टिकणार नाही. आणि आता तर वर्गात कानडी आहे, हिंदी आहे. त्या मुलांचे आईबाप आमची घरं बांधतात, आमच्या बागायतीत राबतात. कित्येक वाड्यांवर आज मराठी शाळा उघडी आहे ती या मुलांच्या पटावर. त्यांना हसून चालायचं नाही.

दुसरा आक्षेप असा, की शिक्षकी पेशाकडे हुशार मुलं येतच नाहीत, तर कॉलेज काय करणार? यात अर्धं सत्य आहे. पण ते का येत नाहीत? आपल्याच घरात बघा. मुलीला बारावीला चांगले गुण पडले आणि ती म्हणाली, "मी डीएलएड करते," तर आपण काय म्हणतो? "कित्याक गो? दुसरें कांय मेळूंक ना?" भाषाप्रेमी घरांतूनही हेच ऐकू येतं. आपली नातवंडं इंग्रजी शाळेत, आपली मुलं दुसऱ्या धंद्यात, आणि मराठी शाळा चालवायला मात्र कुणीतरी त्यागी माणूस पाहिजे!

तिसरा आक्षेप सगळ्यांत कठीण. "शाळाच बंद पडत चालल्या. पट उरला नाही. आता शिक्षक घडवून काय करणार?" याचं उत्तर मला त्याच शाळेच्या दारात मिळालं. एक आई मुलीला न्यायला आली होती. मी विचारलं, "शेजारची मुलं व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात, तुम्ही इथे का घातलं?" ती म्हणाली, "हांगाची टीचर बरी शिकयता म्हूण." इथली टीचर चांगलं शिकवते म्हणून. ना भाषेसाठी, ना संस्कृतीसाठी. आईबाप माध्यम निवडतात असं आपण समजतो. ज्यांना जवळून बघता येतं ते शिक्षक निवडतात. जिथे चांगली शिक्षिका आहे तिथला पट टिकल्याची उदाहरणं तुमच्याही गावात असतील. ती बदलून गेली आणि पट ओसरला, अशीही असतील.

मग करायचं काय? मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पण एक जुना मास्तर म्हणून चार गोष्टी सुचवतो.

पहिली. आंतरवासिता खरी व्हावी. वीस आठवडे कागदावर आहेतच. ते शहरातल्या मोठ्या शाळेत पाहुण्यासारखे न काढता, निदान अर्धे तरी सत्तरी, सांगे, काणकोण, पेडण्यातल्या दोन शिक्षकी शाळेत काढावेत. सकाळी दार उघडण्यापासून माध्यान्ह आहारापर्यंत सगळं बघावं. एकच मूल तीन महिने बघावं. ते वाचायला कसं शिकतं, कुठे अडतं, याची नोंद ठेवावी. चाळीस सुरेख पाठांपेक्षा अशी एक नोंदवही मोलाची.

दुसरी. प्रत्येक भावी शिक्षकाला गोव्याच्या घरभाषांची ओळख सक्तीची करावी. कोंकणी आणि मराठी यांच्यात शब्द कुठे वेगळे, लिंग कुठे बदलतं, क्रियापद कुठे वळतं. रोजच्या वापरातले शंभर-दोनशे कानडी आणि हिंदी शब्द. एवढ्याने कुणी पंडित होणार नाही. पण 'किटकी' ऐकून हसणार नाही, आणि वर्गाला हसू देणार नाही.

तिसरी. शिकवायला शिकवणाऱ्यांनी स्वतः मुलांना शिकवावं. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक सकाळी रोगी तपासतो आणि दुपारी विद्यार्थ्यांना शिकवतो. रोगी न तपासणाऱ्या प्राध्यापकाकडून शस्त्रक्रिया शिकायला आपण मुलांना पाठवू का? अध्यापक महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने मात्र पहिलीच्या वर्गात शेवटचं पाऊल कधी ठेवलं, हे कुणी विचारत नाही. दोष त्यांचा नाही, त्यांच्या नोकरीत ते कामच धरलेलं नाही. ते धरावं. आठवड्यातला एक दिवस तरी. कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांची आठवण होते. अध्यापक महाविद्यालयात शिक्षक घडवण्यात आयुष्य घालवलेल्या या बाईंनी १९८५ साली सृजन आनंद ही लहानशी शाळा काढली. जे शिकवलं ते मुलांत उतरून करून बघायला. त्याआधी बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही हेच केलं. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली आणि तिथल्या तिथे बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या. त्यांच्याकडे शाळा आणि प्रशिक्षण या दोन गोष्टी नव्हत्याच, एकच होती.

चौथी. ज्या शिक्षिकेच्या वर्गात छात्राध्यापक येतात तिला मान आणि वेळ द्यावा. आज ती आपले दोन वर्ग, सगळी नोंदपत्रं, माध्यान्ह आहाराचा हिशेब हे सांभाळून वर छात्राध्यापकांचे पाठ बघते, घाईघाईत शेरा लिहिते. खरं तर नव्या शिक्षिकेची पहिली गुरू तीच. तिचा शेरा अर्ध्या ओळीचा असून चालणार नाही. त्यासाठी तिला कामातून सवलत हवी, मानधन हवं, आणि तिच्या मताला परीक्षेत वजन हवं.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, मोठा पैसा लागत नाही. लागतं ते कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारणं. आपल्या मराठीच्या संस्था आहेत, साहित्य संमेलनं भरतात, ठराव होतात. पुढच्या संमेलनात माध्यमाच्या ठरावाबरोबर एक ठराव शिक्षकप्रशिक्षणाचाही असू द्या. आणि ठरावाच्या आधी, पर्वरीला किंवा जवळच्या अध्यापक महाविद्यालयात एकदा जाऊन या. काय शिकवतात, कसं शिकवतात ते बघा. ते कुणी विचारायला आलं म्हणून रागावणार नाहीत. उलट आनंदच होईल त्यांना.

असो. त्या छात्राध्यापिकेचं सांगायचं राहिलं. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापिका बाजारात भेटल्या. म्हणाल्या, त्या मुलीने दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा घेतला, टाचण न करता. फळ्यावर एका ओळीत तीन शब्द लिहिले. जनेल, किटकी, खिडकी. मग मुलांनाच विचारलं, तुमच्या घरात दाराला काय म्हणतात, भिंतीला काय म्हणतात? तासभर वर्ग गजबजला होता. विजापूरची मुलगी सगळ्यांना कानडी शब्द म्हणायला लावत होती.

"मग शेरा काय दिला?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "देता आला नाही. तो पाठ यादीत धरलेला नव्हता ना."